उजेडाचे ठिपके कुणाचे?

शरणप्पा मास्तरांच्या हातात चहा आला की ते आधी विचारत, "कुणी केलाय?" नाव कळल्याशिवाय घोट घेत नसत. बिदरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतले वर्ग मराठी-कानडीत आले, पण मास्तरांचं बजावणं तिन्ही भाषांत एकच, "ज्यानं शोधलं त्याचं नाव घ्या. न्हाईतर ती चोरी हाय."

उजेडाच्या कणांचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली यायचा, देवळात शिरल्यासारखा. मला म्हणत,

"गुरुजी, कलकत्त्याला शिकलेल्या एका तरुण प्राध्यापकानं ह्या कणांचं गणित नव्या रीतीनं मांडलं. ते त्यानं जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञाला पाठवलं. त्यानं काय केलं असंल? स्वतः बसून तर्जुमा केला अन् छापून आणलं. कुणाच्या नावानं? त्या कलकत्तेवाल्याच्याच!" एवढं बोलून ते दोघांची नावं घेत आणि माझ्याकडे असे बघत, जणू ते नाव मीच छापलंय.

एकदा हैदराबादहून शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. बारीक फटींतून जाताना उजेड कसा फाकतो हे दाखवायला मास्तरांनी वर्गात अंधार केला, खिळ्यानं भोक पाडलेल्या डब्यात दिवा ठेवला आणि सगळ्यांना मलमलीचे तुकडे वाटले. मी तुकडा डोळ्यांपुढे धरला. त्या एवढ्याशा उजेडाभोवती ठिपक्यांची फुली उमटली होती, कडांना तांबडा-निळा रंग.

"वाह, मास्टर साब!" इन्स्पेक्टर म्हणाले. "क्या दिमाग चलाया!"

"माझं न्हाई, साहेब. मी काचेवर काजळी धरून ब्लेडनं रेघा ओढायलतो, जमंना. मग आमच्या घरातनं..." ते अडखळले. आमच्याकडे बायकोचं नाव चारचौघांत कुणी घेत नसे.

"नागम्मा," ते म्हणाले. "माझी बायको. ती पदरातून दिव्याकडं बघायलती. म्हणली, काचा कामून खराब करायलाव? हितनं बघा की."

पोरं हसली. इन्स्पेक्टर हसले नाहीत. "चलिए. उन्हीं को सलाम करते हैं."

मैलूर वस्तीत मास्तरांच्या दारात साहेबांनी झुकून आदाब केला. दाराआड लुगड्याची कड तेवढी दिसत होती.

"काय केलाव तुम्ही?" नागम्माचा घाबरलेला आवाज आला. "साहेब घरी कामून आलेत? नोकरी गेली का?"

मास्तर चौकटीला धरून उभे होते. डोळे वाहत होते. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, उजेडाचे ठिपके तुम्ही दाखवलेत म्हणून आलेत."

मग बांगड्या वाजल्या. नागम्मा उंबऱ्यापर्यंत आली, साहेबांकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही माझं नाव सांगितलाव व्हय, सगळ्यांसमोर?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मग त्यांना उन्हात कामून उभं केलाव? आत घ्या की."