चौथ्या पायरीवरचे अण्णा

आमच्या शेजारचे अण्णा रामकुंडावर तीस वर्षं उपाध्यायपण करत होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी गंगेत एकदाही पाऊल घातलं नव्हतं. आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. यजमान पाण्यात आणि अण्णा चौथ्या पायरीवर, अशी त्यांची वाटणी ठरलेली होती. तिथूनच ते संकल्प सांगत, बुडी मारायला लावत आणि अंगावर शिंतोडा आला तर लगेच उपरण्यानं पुसून टाकत.

घोटीकडचा एखादा शेतकरी कुडकुडत म्हणे, "गुरुजी, तुमी बी या की खाली. पानी लय गार हाय."

"मी आलो तर मंत्र भिजतील," अण्णा म्हणत. "तुम्ही व्हा पुढे."

मीनू, तू पत्रात लिहिलंस की तुमच्या तिकडच्या तळ्याचं पाणी मधोमध काळं दिसतं, तिथं जायला तुला भीती वाटते आणि दादा तुला हसतो. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे लिहिते. हसायला हरकत नाही. आम्हीही अण्णांना पुष्कळ हसलो.

मी लग्न होऊन पंचवटीत आले तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. अण्णा मला मास्तरीणबाई म्हणत. आमची आणि त्यांची विहीर एकच, मागच्या अंगणात. अण्णांनी तिच्यावर फळ्यांचं झाकण करवून घेतलं होतं आणि त्यांच्या बायकोला, मथुकाकूंना, ते दिवसातून दहादा उचलावं लागे. "तळ दिसतोय का?" हा अण्णांचा पाण्याबाबतचा पहिला आणि शेवटचा प्रश्न असे. तांब्यात डोकावलं की आत काळं दिसतं म्हणून ते पाणी वाटीतून पीत. आंघोळ घरीच, पसरट घंगाळात.

माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "अहो, त्या विहिरीत बेडूकसुद्धा सुखानं राहतो."

"बेडकाला विचार करावा लागत नाही, वहिनी."

मथुकाकू मात्र चांदोरीच्या, नदीकाठी वाढलेल्या. रोज सकाळी कासोटा खोचून त्या कुंडापलीकडच्या धारेत पोहत. अण्णा त्यांचं कोरडं लुगडं मांडीवर घेऊन पायरीवर बसत. त्या पाण्याखाली गेल्या की अण्णांचा जीव खालीवर होई. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, म्हणून ते "अगं" अशी हाक मारत आणि घाटावरच्या वीस बायका वळून बघत. शेवटी त्यांनी पूजेची घंटा आणायला सुरुवात केली. घंटा वाजली की मथुकाकूंनी हात वर करायचा. आरती चालू आहे असं समजून परगावचे लोक हात जोडत.

मी एकदा विचारलं, "अण्णा, बुडायची एवढी भीती वाटते?"

"बुडायची कसली? बुडणारा बुडतो, त्याचं संपतं," ते म्हणाले. "काठावर जो उभा असतो ना, त्याला काही दिसत नाही."

फाल्गुनात मथुकाकू विषमज्वरानं गेल्या. अकरा दिवसांचं आजारपण. मूलबाळ नव्हतं. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आल्या तेव्हा सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "मला ह्यांच्या हातानं गंगेत सोडा. दुसऱ्या कुणाच्या नको." अण्णा उशाशी बसले होते. त्यांनी मान डोलावली.

बाकीचे विधी त्यांनी नेमानं केले, पण अस्थी सोडल्या नाहीत. अस्थींचं गाडगं पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या जांभळाच्या फांदीला टांगून ठेवलं. ज्या माणसानं हजारो लोकांच्या अस्थी कुंडात सोडवल्या, त्याच्या घरची गाठ सुटेना. घाटावरचे भाऊशास्त्री म्हणाले, "अण्णा, आणा इकडे, मी सोडतो. तुम्ही आपले कोरडे राहा." एरवी अण्णांनी चोख उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते नुसते घरी आले.

चैत्र गेला. सासूबाई म्हणाल्या, "भावजी, अडकवून ठेवलीत तुम्ही तिला. पावसाळा आला की गंगा गढूळ होऊन येईल, मग तर पायरीही दिसायची नाही. सोडा तिला आता."

"सोडतो," अण्णा म्हणाले. रोज म्हणत.

मग मी शहाणपणा केला. शाळेत मी मुलींना प्रकाशाचा धडा शिकवत होते. वाटलं, नीट समजावून सांगितलं तर भीती जाईल. इंग्रजी पुस्तक घेऊन त्यांच्या ओटीवर बसले आणि सांगितलं, "अण्णा, पाणी मुळात काळं नसतंच. उजेड पाण्यात जसजसा खाली जातो तसतसा विरत जातो आणि खूप खोल गेला की संपतो. म्हणून काळं दिसतं, एवढंच."

त्यांनी पुस्तक हातात घेऊन एक पान उलटलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"म्हणजे खाली अंधार असतो, हे छापलेलंसुद्धा आहे?"

मी पुस्तक मिटलं. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी 'सोडतो' म्हणणंही बंद केलं. ते तीन आठवडे माझ्यामुळे गेले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वैशाखाच्या अखेरीस एका दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ते आमच्या दारात आले. गाडगं छातीशी धरलेलं. "मास्तरीणबाई, आत्ता उजेड सगळ्यात खोल जात असेल ना?"

"हो, अण्णा."

"मग चला. नुसत्या उभ्या राहा."

घाटाचे दगड तापले होते, माणूस नव्हतं. चौथ्या पायरीवर ते थांबले. मग पाचवी. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांनी गाडगं आणखी वर उचललं. कमरेपर्यंत गेल्यावर ते न वळता म्हणाले, "मला माझे पाय दिसत नाहीत."

"आहेत, अण्णा. तुम्ही उभे आहात."

गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. मंत्र म्हटले की नाही ते मला ऐकू आलं नाही. रिकामे हात पाण्यात ठेवून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. वर आले ते वैशाखातल्या उन्हात कापत होते. पायरीवर बसून म्हणाले, "गार आहे गं खाली. चांगलंच गार आहे." आणि उपरण्यात तोंड घालून रडले.

भीती गेली का? नाही गेली. विहिरीवरचं झाकण त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तसंच होतं. पण अस्थी घेऊन कुणी आलं की ते यजमानाबरोबर पाण्यात उतरू लागले. दात आवळून, डोळे मिटून, पण उतरत.

पुढच्या वर्षी मी घाटावर असताना नांदगावकडची एक बाई आली होती. नवऱ्याच्या अस्थी घेऊन ती अण्णांच्या शेजारी कमरेभर पाण्यात उभी होती. मंत्र केव्हाच संपले होते. मागे माणसं खोळंबली होती आणि भाऊशास्त्री ओरडत होते, "अण्णा, आटपा की."

बाई म्हणाली, "गुरुजी, सुटत नाय माझ्याच्यानं."

अण्णांनी तिच्या गाडग्याखाली आपला हात धरला. "मग नका सोडू लगेच," ते म्हणाले. "उभे राहू थोडा वेळ. मला घाई नाही."

आणि दोघं उभी राहिली.