हाफेमान यांचे दुसरे घर

घर कशाला म्हणावं, या प्रश्नावर मानवजात फार काळ उगाच हळवी होत आली. अमेरिकेच्या कर खात्याने तो तीन वस्तूंत निकालात काढला: झोपायला जागा, शिजवायला शेगडी आणि संडास. एवढं असलं की चाकांवरचा सहलीचा ट्रेलरही ‘दुसरं घर’ ठरतो आणि तो घ्यायला काढलेल्या कर्जाच्या व्याजावर कराची सूट मागता येते. (जिव्हाळ्यासाठी अर्जात रकाना नाही. त्यामुळे अर्ज सुटसुटीत झाला आहे.)

विस्कॉन्सिनच्या डेलबर्ट हाफेमानचा चोवीस फुटी ट्रेलर या व्याख्येत चपखल बसत होता. तीन उन्हाळ्यांत त्यात अकरा रात्री झोप झाली, चौदा अंडी तळली गेली आणि संडासाचा वापर शून्य वेळा झाला. हे शून्य टिकवायला डेलबर्टने कष्ट घेतले होते. ट्रेलर बाळगणारा तिथला प्रत्येक सद्गृहस्थ घेतो. कारण संडासाखालची टाकी भरली की मालकालाच हातमोजे घालून, नळी लावून ती उपसावी लागते. म्हणून पाहुण्यांना आधी संडास कौतुकाने दाखवायचा, मग पेट्रोलपंपाचा रस्ता दाखवायचा, अशी रीत आहे.

एप्रिलात डेलबर्टने कराचा अर्ज भरला आणि सहीसाठी बायकोपुढे सरकवला. नवऱ्याने सरकवलेल्या कागदावर बायको न वाचता सही करते, या विश्वासावर ही सगळी करव्यवस्था उभी आहे. रोझेलाने वाचला.

“आपलं दुसरं घर आहे?”

“कागदोपत्री गं.”

“कागदावर ‘कागदोपत्री’ कुठं लिहिलंय? इथं लिहिलंय, मजकूर खोटा निघाला तर शिक्षा.”

“अगं, दारातला आपला ट्रेलर तो!”

“मग खोड ‘घर’. नाहीतर आईला बोलावते. जिन्यावरून दोनदा पडलीय ती, आणि तू म्हणतोस जागा नाही.”

डेलबर्ट पेन हातात घेऊन वीस मिनिटं बसला. खोडावं तर सूट जाणार, न खोडावं तर सासू येणार. शेवटी तो देशाच्या कायद्याशी प्रामाणिक राहिला; ‘घर’ खोडलं नाही.

शनिवारी त्र्याऐंशी वर्षांच्या इर्माबाई एक झुलती खुर्ची आणि आंबवलेल्या कोबीच्या अकरा बरण्या घेऊन ट्रेलरमध्ये राहायला आल्या. रविवारी संडासाचं ते शून्य मोडलं.

“जावईबापू, संडास झकास आहे हो तुमचा! चारदा जाऊन आले.”

“आई, मोठ्या घरातला वापरा ना. ऐसपैस आहे.”

“छे! माझं घर असताना लोकांकडं कशाला जाऊ?”

दुसऱ्या आठवड्यात डेलबर्टने त्याच्या कर सल्लागाराला, ओडेगार्डला फोन लावला. घर ठेवून सासू वगळता येते का, एवढीच त्याची शंका होती.

“अरे, त्यात कुणी राहायलाच पाहिजे असं नाही,” ओडेगार्ड म्हणाला. “भाड्याने दिलं नाहीस की झालं. वर्षभर कुलूप लाव, घर ते घरच.”

“आणि कुणी राहिलंच तर?”

“तर राहू दे की! त्याला काही दंड नाही.”

“दंड नाही कसा?” डेलबर्ट म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात तेव्हा नळी होती.

सूट यथावकाश मंजूर झाली. इर्माबाईंनी ट्रेलरला पडदे शिवले, दाराशी स्वतःच्या नावाची टपालपेटी रोवली आणि आपल्या तीन मैत्रिणींना दर बुधवारी पत्ते खेळायला बोलावलं. त्या कॉफी भरपूर पितात.

बंद घरही कायद्याला चालतं, हे डेलबर्टला उशिरा कळलं. आपल्याकडे ही माहिती उपजतच असते. म्हणून कर्जतला घेतलेलं आपलं दुसरं घर चार वर्षं कसं नव्यासारखं राहिलंय. फक्त पुढच्या वेळी सासूबाईंचा फोन आला की सावध असा. तिकडे अजून पाण्याचं कनेक्शन यायचंय, असं आपण त्यांना सांगितलेलं आहे.