लिहिलंय तेवढंच

म्हात्रेबाईंनी भर वर्गात अख्खं लिंबू, न कापता, ग्लासात टाकलं. वर साखर-पाणी ओतलं आणि सरबत प्यायला लागल्या. लिंबू नाकावर आपटत होतं.

"बाई, कापायचं ना!" दुसरीतली प्राची ओरडली.

"तू लिहिलंस कुठे? मी लिहिलंय तेवढंच करणार."

पनवेलच्या आमच्या शाळेत त्या मुलांना 'कसं करावं' हे लिहायला शिकवायच्या. नमुन्याला पुस्तकं आणायच्या: पाककृतींचं, कागदी होड्यांचं, कुकरबरोबर मिळतं तेसुद्धा. "बघा, पुस्तकवाला किती शहाणा! एका वेळी एकच काम सांगतो. वाचणाऱ्याला काही म्हणजे काही येत नाही, असं धरून लिहा."

तसा एक वाचणारा त्यांच्या घरातच होता. त्यांचे मिस्टर, न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, आता साध्या गोष्टी विसरत चाललेले. मुलगा त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवा म्हणत होता. "वाचून स्वतःचं स्वतः करतायत, तोवर माझ्याकडेच," बाई म्हणायच्या.

मी तेव्हा नवी मुख्याध्यापिका. चष्म्याला साखळी लावली की अधिकार येतो, अशी माझी समजूत. आता माझी नात तेव्हाचे फोटो बघून खिदळते, मीही खिदळते. एकदा बाईंनी फळ्यावर दिलेला विषय वाचून ऐटीत म्हटलं, "शर्टाची बटणं लावणं, हा काय लिहायचा विषय?"

"मॅडम, तुम्हीच लावून दाखवा. प्राची वाचेल."

साडीवर शर्ट चढवला. प्राचीने वाचलं, "बटण काजात घाला. मग पुढचं घाला." मी पहिलं बटण घातलं दुसऱ्या काजात. शेवटी एक बटण बेवारशी! वर्गाने बाकं बडवली.

"मॅडमला कायच येत नाय," प्राची म्हणाली. "थांबा, 'सगल्यात खालचं बटण, सगल्यात खालच्या काजात' असं लिवते."

"लिही बाळा," म्हात्रेबाई म्हणाल्या. "मला घरी न्यायचंय."

दिवाळीच्या सुट्टीत मी करंजाड्याला त्यांच्याकडे फराळाला गेले. आतल्या खोलीत कपाटावर प्राचीचा कागद चिकटवलेला. मिस्टर त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते, एकेक बटण लावत होते. कागदाच्या शेवटी प्राचीने वर्गातल्या सवयीने लिहून ठेवलं होतं, 'झालं की बाईंना दाखवा.'

ते बाहेर आले. बटणं सगळी जागच्या जागी. बायकोला जन्मभर 'सुमे' म्हणून हाक मारणारा तो माणूस हात सरळ ठेवून तिच्यापुढे उभा राहिला.

"बाई, झालं."

म्हात्रेबाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. "शाब्बास," म्हणाल्या. आणि कॉलरवरचा हात काही केल्या काढेनात.