भगवंतभाऊंचं हृदय कुठे बसवायचं?

"माणसाचं अख्खं शरीर मी आठवड्यात पोरांच्या डोक्यात बसवते सर, तेही हसवत हसवत!" निखत मॅडमने क्लासचे मालक ओमप्रकाश सरांसमोर छाती ठोकून सांगितलं.

ठोकणं भागच होतं. त्या वर्षी बोंडअळीने आधी शेतातली कपाशीची पऱ्हाटी खाल्ली आणि मग, फीला पैसेच न उरल्याने, अमरावतीतल्या शिकवण्यांचे बेंच रिकामे केले. जी अकरावीची पोरं उरली होती, ती 'यकृत कुठे असतं?' विचारलं की समोरच्या पानठेल्याकडे बघत. सरांनी बजावलं होतं, "सराव परीक्षेत शरीराची आकृती नाही जमली, तर जीवशास्त्र बंद! मग बसा काउंटरवर, पावत्या फाडत."

पोरं पुस्तक उघडत नव्हती, पण मीम बघायला जेवण सोडत होती. तेव्हा प्रत्येक अवयवाने मीममधून वऱ्हाडीत बोलायचं, असं मॅडमने ठरवलं. आता चेहरे हवेत! नटनट्यांचे वापरून वापरून शिळे झालेले. तेवढ्यात खिडकीतून चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला. मधोमध पुढारी भगवंतभाऊ, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची रांग. इतके चेहरे, तेही फुकट! फ्लेक्सवरची तोंडं कोण बघतं, असं मॅडमला वाटलं. अहो, दुसरं कोणी बघो न बघो, ज्याचं तोंड आहे तो रोज येऊन बघतो!

भाऊंना तिने जठर केलं. "जे येईन ते पचवतो!" गॉगलवाला झाला यकृत. "सारी सफाई मी करून राहिलो, अन् नाव पोटाचं!" कोपऱ्यातला बारीक मिशीवाला आंत्रपुच्छ. "माह्यं काम काय, मलेच माईत नाही. पण पद आहे!"

पोरं खदाखदा हसली आणि सगळे अवयव घडाघडा म्हणू लागली. निखतला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळपर्यंत मीम वर्गाच्या ग्रुपवरून धामणगावला पोचलं, रात्री बार्शीटाकळीहून अम्मीचा फोन, "निखत, वो अपेंडिक्सवाला कौन है गे? पूरा मोहल्ला हँस रहा!"

दुसऱ्या दिवशी क्लाससमोर मोटारसायकली लागल्या. पुढे तोच बारीक मिशीवाला.

"मीच तो आंत्रपुच्छ!" तो गरजला. पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"शालिकराम म्हणतात मले. मॅडम, चला! भाऊनं बलावलं."

निखत मदतीसाठी वळली. ओमप्रकाश सरांकडे पाहावं, तर सर कानाला फोन लावून बोलत होते. फोन चार्जिंगला दुसऱ्या टेबलावर होता, कानाला नुसता हात!

भाऊ ऑफिसात फुगून बसलेले.

"भाऊ, माफ करा, चूक झाली..."

"माफी कायची?" भाऊ खेकसले. "मले पोट काहून केलं? मी जनतेच्या हृदयात राहतो!"

"अन् मी भाऊच्या पहिल्या इलेक्शनपासून आहो!" शालिकराम ओरडला. "हा कालचा पोट्टा यकृत, अन् मी आंत्रपुच्छ?"

"यकृत मी सोडणार नाही!" गॉगलवाला.

"मग मले मेंदू द्या!" शालिकराम अडून बसला.

भाऊंनी सावकाश विचारलं, "मॅडम, मेंदू कुठं राहते?"

"डोक्यात, भाऊ."

"अन् हृदय?"

"छातीत."

"म्हंजे शालिकराम माह्या वरती?"

भाऊंच्या फोटोच्या वर कोणाचाही फोटो नाही, हा फ्लेक्सचा कायदा! निखत शास्त्राबद्दल काही बोलणार होती.

"बदलून द्या बाई," भाऊ म्हणाले, "नाही तर उद्या तुमच्या क्लासवर मोर्चा!"

मोर्चा आला की उरलीसुरली बॅचही जाणार. निखतने लॅपटॉप ओढला आणि मनातल्या मनात आपल्या कॉलेजच्या सरांची क्षमा मागितली. हृदय चढलं डोक्यात. छाती-पोटातल्या जागा बाकीच्या शुभेच्छुकांनी आधीच धरलेल्या, म्हणून मेंदू गेला गुडघ्यात. आपल्याकडे 'अक्कल गुडघ्यात' म्हणतात, त्याला अखेर आकृती मिळाली. शालिकराम तरीही खूश. "कुठं का असेना, मेंदू तर आहो!" भाऊंच्या माणसांनी ते चित्र जिल्ह्यातल्या एकूणएक ग्रुपवर सोडलं.

वर्गात निखत घसा फोडून सांगत राहिली, "ते चित्र चूक आहे! हृदय छातीतच असतं!"

"पण मॅडम," पोरं म्हणाली, "हे तर साऱ्या ग्रुपवर आलं. तुमचं दोन-चारच ग्रुपवर होतं."

सराव परीक्षा झाली. सगळ्या पेपरांत हृदय डोक्यात, मेंदू गुडघ्यात. एकाने तर आकृतीखाली 'शुभेच्छुक' म्हणून स्वतःचं नावही घातलं होतं!

ओमप्रकाश सर पेपर उलटत राहिले. निखतचा चेहरा एवढासा झाला होता. लाज वाटत होती, रडूही येत होतं.

"जीवशास्त्र बंद, मॅडम."

"हो सर. काउंटरवर बसू?"

"काउंटरवर कायले?" सरांनी चष्मा काढला. "सोमवारपासून राज्यशास्त्र घ्या. पोराईले इतकं पक्कं समजलेलं म्या आजवर पाहिलं नाही!"