बांबूउडीचं माप

बांबूउडीसाठी बांबू कसा निवडावा, हे साऱ्या चांदा जिल्ह्यात एकट्या मला कळत होतं! हे मी गर्वाने सांगत नाही. बाकीचे लोक बांबूच्या टोपल्या विणत, मांडव घालत, कोवळ्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी करून खात. बांबूला लटकून आभाळात जावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

साल चोपन्न. मी कोसमटोल्याच्या शाळेत गुरुजी होतो. शाळा म्हणजे एक खोली, तिच्यामागे माझी एक खोली आणि तिच्यामागे जंगल. लग्नाला वर्ष झालं होतं. दिवाळीच्या सुमारास एक वाघ माझ्या उंबऱ्यापुढे चार पंजे उमटवून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझी बायको मैना ट्रंक उचलून गडचिरोलीला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "चांद्याले बदली करून घ्या, मंग मी येतो. नाई त वाघासंगं संसार करा!"

बदलीची एकच वाट होती. चांद्याच्या एका मोठ्या शाळेत कवायत मास्तरची जागा रिकामी होती. जानेवारीतल्या एका रविवारी शिक्षकांच्या शर्यती होत्या आणि बांबूउडीत जो पहिला येईल त्याला ती जागा, असं शाळाखात्याच्या साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. गुरुजी व्हायला नॉर्मल स्कूलमध्ये शिकत असताना मी साडेनऊ फूट उडालो होतो. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गुरुजीने बांबू हातात धरल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे जागा माझी, चांदा माझं आणि मैनाही माझी!

फक्त बांबू हवा होता. आणि इथेच भलेभले चुकतात! बांबू अंगाच्या मापाचा पाहिजे. हलका माणूस जाड बांबूवर गेला तर बांबू लवत नाही, माणूस मात्र त्याला वटवाघळासारखा लटकतो. जड माणूस बारीक बांबूवर गेला तर बांबू मधेच मोडतो आणि त्याचं टोक कुठे शिरेल याचा नेम नाही. लांबी तर उंचीच्या दुप्पट तरी हवीच. एवढं ज्ञान असलेला माणूस मापात चुकेल का? तुम्हीच सांगा!

गुरुवारी मला हिवताप भरला. सुपं-टोपल्या विणणारा लच्छू बुरुड तीन मैलांवर सावरटोल्याला राहायचा. तिथवर चालणं शक्य नव्हतं. माझे वडील वरोऱ्याला शिंपी, त्यामुळे माप म्हटलं की आमच्या घराण्याचा हात आपोआप दोरीकडे जातो. मी सुतळी घेतली, खाटेवर उताणा पडलो आणि डोक्यापासून टाचेपर्यंत स्वतःला मापून पहिली गाठ मारली. दुसरी गाठ पकडीची. तिसरी पूर्ण लांबीची. एक मोडला तर दुसरा हाताशी असावा, म्हणून बांबू दोन. मग गाडीवान चैतूला हाक मारली. तो सावरटोल्यालाच निघाला होता.

"लच्छूले म्हन, दोन बांबू पाहिजेत. हिरवेगार. दीड मन वजन पडलं तरी मधून मोडले नाई पाहिजेत. उद्या सकाळीच पाहिजेत!"

चैतूने सुतळीकडे पाहिलं. मग दोन घोंगड्यांत कुडकुडणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"कोनाचं माप हाये, गुरुजी?"

"माझंच!"

चैतूने डोक्याचं मुंडासं काढलं. मग खाली वाकून माझ्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते. मी मनात म्हटलं, वा! या रानात खेळाची कदर करणारा एक तरी माणूस आहे!

"बाईले सांगावा धाडू काय?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"धाड की! म्हनावं, तयारी सुरू झाली!"

त्यानंतर मी कोयनेल घेतलं, दोन्ही घोंगड्या डोक्यावरून ओढल्या आणि झोपलो. चौदा तास झोपलो. मधे कुणी येऊन दारातून डोकावून गेलं असेल, तर ते मला कळणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा ताप उतरला होता. अंग इतकं हलकं झालं होतं की जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटावं. बाहेर धुकं होतं. आमच्याकडच्या तळ्यावरून उठणारं ते पांढरं धुकं एकदा का गावात शिरलं की हाताची बोटंही चाचपून मोजावी लागतात. पण त्या दिवशी खटकली ती शांतता. रोज या वेळी मुसळांचा आवाज येतो, कोंबड्या भांडतात, कुणाची तरी सासू ओरडते. आज काहीच नाही. माझ्या दारापुढचं अंगण कुणीतरी नुकतंच सारवलं होतं. ते कुणी सारवलं आणि कधी?

मी विहिरीकडे गेलो. इंदुताई पाणी शेंदत होत्या. रोज सकाळी मला वाघाची ताजी खबर देणारी ही बाई!

"इंदुताई, आज एवढं सुमसाम काऊन हाये?"

त्यांच्या हातून दोर सुटला. बादली खोल कुठेतरी पाण्यात आपटली.  माझ्याकडे तोंड ठेवून पाऊल पाऊल मागे सरकत गेल्या आणि धुक्यात विरघळल्या. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, पायांवर होती.

पुढे दादाजी कोतवाल भेटला. मी हाक मारली. त्याने ओ दिली नाही. त्यानेही माझ्या पायांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागली, मग दाराला काहीतरी जड टेकवल्याचा आवाज आला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायांकडे कुणाच्या पाहतात? भुताच्या! भुताची पावलं उलटी असतात!

मी घाईघाईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पावलं सुलटी होती. जीव भांड्यात पडला. पण लगेच मनात आलं, भुताला स्वतःची पावलं सुलटीच दिसत असतील तर? सावली शोधली. धुक्यात सावली कुठून पडणार!

तेवढ्यात धुक्यातून चार माणसं आली.  दोघांच्या खांद्यावर हिरवेगार बांबू, एकाच्या डोक्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, भारा, आणि पुढे लच्छू बुरुड, हातात नवं कोरं मडकं. मडक्यातून धूर निघत होता. कोण बिचारं गेलं, असं मनाशी म्हणत मी बाजूला झालो आणि हात जोडले. ते धुक्यात मला न पाहता पुढे गेले. मीही चार पावलं मागून गेलो.

ते माझ्या दारापुढे थांबले.

त्यांनी बांबू अंगणात हातभर अंतरावर ठेवले आणि आडव्या कामट्या बांधायला घेतल्या. बांधायला जी सुतळी काढली ती मी ओळखली. तिला तीन गाठी होत्या!

खोटं कशाला सांगू, मी उलट्या पावली मागे सरलो. मी कुडाला धरून मागच्या खिडकीशी गेलो आणि आत पाहिलं. खाटेवर दोन्ही घोंगड्या होत्या. आणि त्या, खाली कुणीतरी लांब पसरलं असावं तशा फुगलेल्या होत्या. मी उठताना त्या नीट सारल्या होत्या की तशाच टाकल्या होत्या, ते काही केल्या आठवेना. आत जाऊन घोंगडी उचलून पाहणं सोपं होतं. पण हिंमत झाली नाही. घोंगडी उचलली आणि खाली मीच निघालो, तर पुढे काय करायचं?

कुणाजवळ तरी जायला हवं होतं. पिंपळाच्या पारावर म्हातारे सोमाजी एकटेच बसलेले दिसले. सगळं गाव त्यांच्या शब्दाने चालायचं.

"सोमाजीभाऊ!" ते हलले नाहीत.

"सोमाजीभाऊ!" त्यांचे ओठ रामनाम घेऊ लागले.

मला रडूच फुटलं. "ओ सोमाजीभाऊ! मी मेलो असन त तसं सांगा न!"

सोमाजी ताडकन उभे राहिले. "तीन हाका! लच्छू, यानं तीन हाका मारल्या रे! भूत दोनच मारते. काऊन गुरुजी, जिते हा काय तुमी?"

"मले का माहीत! तुमीच सांगा!"

लच्छू आणि मंडळी धावत आली, पण चार हात लांब थांबली. मग उलगडा झाला. आमच्या त्या भागात जित्या माणसाचं सुतळीने माप घेत नाहीत. बुरुडाकडे माणसाच्या उंचीची सुतळी गेली की ती तिरडीची. त्यात दोन बांबू, हिरवे, दीड मण पेलणारे! चैतूने सांगितलं होतं की गुरुजींना आपली वेळ कळली, त्यांनी स्वतःच्या हाताने माप धाडलं, असा धीराचा माणूस पाहिला नाही. रात्री लोकांनी दारातून पाहिलं, तर मी डोक्यावरून पांघरलेला, निश्चल. बायको येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही, म्हणून सारे थांबले होते. पहिल्या गाठीपुढची सुतळी तिरडी बांधायलाच दिली असेल, असं लच्छूने धरलं. बांबू माझ्या उंचीहून फक्त हात-हातभर जास्त कापले होते.

"पन हे उडायसाठी होतं!" मी ओरडलो.

"मेल्यावर?" लच्छूने विचारलं.

सोमाजींनी हात वर केला. "खरं असन त उडून दाखवा. भूत उडते, पन पडत नाई. पडला तो मानूस!"

आता मी काही साधासुधा उडणारा नव्हतो. बांबू आखूड आहे हे मला कळत होतं. पण माणूस ठरायचा दुसरा मार्ग दिसत नव्हता. लच्छूने कामट्या सोडवून एक बांबू मोकळा करून दिला. तणस सारून मी उतरायची जागा केली, वीस पावलं मागे गेलो आणि धावलो. टोक जमिनीत रोवलं. पाय सुटले. धुक्याच्या वर आलो, आणि क्षणभर खरंच आभाळात होतो! तोच कुडांमागून बायांनी असा हंबरडा फोडला की माझ्या अंगावर काटा आला. आणि खाली रस्त्यावर बैलगाडी उभी होती. गाडीत मैना आणि सासूबाई गुणाबाई होत्या. मेलेला नवरा तिरडीच्या बांबूवर बसून धुक्यातून वर येतोय, हे त्या दोघी आ वासून पाहत होत्या.

माझी पकड सुटली. तणस डावीकडे राहिलं, मी उजवीकडे पडलो.

"पडला!" सोमाजी आनंदाने ओरडले. "मानूस हाये!"

माणूसच होतो, कारण घोटा भोपळ्याएवढा सुजला. रविवारी मी खाटेवर होतो. सोमवारी कळलं, कवायत मास्तरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो बांबू न घेता नुसता उभ्याने पाच फूट उडाला होता! सासूबाई परत गडचिरोलीला चल म्हणून मैनेच्या मागे लागल्या होत्या.  मैना माझ्या घोट्याला हळद लावत होती.

"आता चांदा नाई," मी पुटपुटलो. "तुले जायचं असन त जाय."

मैनेने वर पाहिलं नाही. "कायले जाऊ? गाडी गावात आली तवा पाह्यलं मी. घराघरातून बाया छाती पिटून रडत होत्या. परक्या गुरुजीसाठी! चांद्यात कोन रडन आपल्यासाठी? मी इथीच राह्यतो."

ती राहिली. एकवीस वर्षं राहिली, वाघासकट. त्या बाया मी मेलो म्हणून रडत नव्हत्या, मी उठलो म्हणून रडत होत्या, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!