बिरादारकाकांचं नाक

बिरादारकाकांनी माझी ओळख करून घेतली ती माझा वास घेऊन. आम्ही नुकतेच पुण्याहून हैदराबादला, कुकटपल्लीत राहायला आलो होतो. एकदा मी ऑफिसातून दमून परतत होते. लिफ्टमध्ये एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आधीच उभे होते. दार बंद झालं तसे त्यांनी डोळे मिटले, हवा नाकात ओढली आणि जाहीर केलं, "सॉफ्टवेअर."

आता मी पडले पुण्याची. अनोळखी माणसानं पत्ता विचारला तरी मला तो आगाऊपणा वाटतो. तरीही उत्सुकता आवरेना. "कशावरून?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"दिवसभर एसीत ठिवलेला माणूस ना बा, वास येतोच की. आन् वरून मशीनची कॉफी. नाक हाय ताई, शोभेला नाही."

हे व्यंकटराव बिरादार आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचं घराणं उदगीरकडचं, शेतकरी. यांचे वडील शिकायला हैदराबादला आले ते इथलेच होऊन गेले. त्यामुळे काकांच्या मराठीत उदगीर आहे, चारमिनार आहे आणि भाजीवाल्याशी भांडताना तेलुगूही आहे. नाल्यापलीकडे औषधांचा कच्चा माल बनवणारी एक फॅक्टरी आहे, तिथं त्यांनी उभा जन्म काढला. टाकीतलं औषध बिघडायला लागलं की मशीनच्या काट्याआधी काकांना कळायचं. साहेबलोक मशीन सोडून काकांचं तोंड बघायचे, असं ते सांगतात. साहेबलोक काय सांगतात ते मला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर करायचं काय या नाकाचं? मग काकांनी ते शहरावर सोडलं. "पेपरात वाचून शहर कळत नसतं ताई. हुंगावं लागतं." लिफ्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचा धंदा ते वासावरून सांगत. पहिल्या मजल्यावरचे शर्माजी खोकल्याशिवाय बोलत नाहीत, ते अफझलगंजला मिरचीचे ठोक व्यापारी. चौथ्या मजल्यावरचे सर गरम झेरॉक्सच्या वासाचे, म्हणजे दिलसुखनगरचा कोचिंग क्लास. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रेड्डीगारू (गारू म्हणजे इथलं 'साहेब') प्लॉट विकतात, त्यांच्या अंगाला अत्तर आणि ओलं सिमेंट असा मिश्र वास येतो म्हणे. एकदा एक पाहुणे आले, त्यांच्यापाशी काका बराच वेळ घुटमळले आणि हिरमुसून बाजूला झाले. ते मोत्यांचे व्यापारी निघाले. "मोत्याला वासच नाही," काका म्हणाले. "असला कसला धंदा?"

आमचं भांडण ठरलेलं असे. हे शहर कुणाच्या जिवावर चालतं? मी म्हणायची, सॉफ्टवेअरच्या. काका म्हणायचे, औषधाच्या. "तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर लोक बोंबलतील. आमची गोळी बंद पडली तर बोंबलायला लोक नक्को का?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही, आणि पुण्याच्या माणसाला उत्तर न सुचणं ही काय यातना असते ते मीच जाणे.

फॅक्टरीबद्दल मात्र कुणी ब्र काढायची सोय नव्हती. पावसाळी हवेत नाल्याकडून कधी उग्र दर्प आला आणि कुणी नाक दाबलं, तर काका भर रस्त्यात थांबून सुनावायचे, "तापात गोळी खाता तवा वास येत नाही का?" स्वतःच्या मुलीच्या सासरबद्दल बोलावं तसं, कौतुकानं आणि जपून ते त्या कंपनीबद्दल बोलत. आणि ती कंपनी त्यांच्यासाठी 'आमची' होती, निवृत्तीनंतरही.

त्यांच्या पत्नी, शकुंतलाकाकू, याच्या अगदी उलट. अबोल. धपाटे केले की डबा घेऊन माझ्या दाराशी यायच्या आणि विचारायच्या, "पुण्याला कुठं बा तुमचं घर?" मी सांगायची, सदाशिव पेठ. पुढच्या डब्याबरोबर पुन्हा तोच प्रश्न. कमी बोलणाऱ्या माणसाकडे विषय तरी किती असणार, असं मी समजून घेतलं. धपाटे उत्तम असल्यामुळे मी सदाशिव पेठ कितीही वेळा सांगायला तयार होते.

आणि मग यंदा आमच्या मजल्यावर जळका वास यायला लागला. कधी सकाळी, कधी भर दुपारी. लोक दारं उघडून बाहेर आले की काका आपल्या दारात उभे असत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "कंपनीचाय. बॉयलरचं काम बिघडलंय त्यांचं."

मी चकित झाले. फॅक्टरीबद्दल वावगं आणि ते काकांच्या तोंडून. पण बिरादारांच्या नाकानं सांगितल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये कोण शंका घेणार? रेड्डीगारूंना तर हवंच होतं. फॅक्टरीच्या वासामुळे या भागातल्या प्लॉटना भाव येत नाही, हे त्यांचं जुनं दुःख. त्यांनी मीटिंग बोलावली. रविवारी सगळ्यांनी फॅक्टरीच्या गेटवर जायचं, टीव्हीवाल्यांना बोलवायचं आणि सर्वांत पुढे काका. "अंकल, आप उधर का आदमी है. आप बोले तो सब मानते," रेड्डीगारू म्हणाले. काकांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी सगळे खाली जमले. शर्माजींनी घोषणांची तालीमही सुरू केली, पण खोकला मधे येत होता. काकांचा पत्ता नव्हता. मला वर पाठवलं.

दार उघडंच होतं. घरभर धूर. स्वयंपाकघरात काकू उभ्या होत्या, समोर ओट्यावर दुधाचं पातेलं, कोळशासारखं काळं. काकूंचा चेहरा भेदरलेला. "कुणी ठिवलं हे?" त्या विचारत होत्या. "मी ठिवलं का हो?"

"नाही गं," काका खिडक्या उघडत म्हणाले. "तू कायकू ठिवशील? वास रोजचाच, कंपनीचाय. आन् हे पातेलं मी ठिवलं, माझंच ध्यान नव्हतं. तू जा, फुलं काढलीस का देवाला?"

काकू शांत झाल्या आणि देवघराकडे गेल्या. वळून काकांनी मला पाहिलं. जळका वास सगळ्या मजल्याला कळत होता, पण तो कुठून येतो ते मला समोर राहून कळलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

"विसरायली ती," काका हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. तिच्या हातून झालं असं कळलं ना, दिवसभर रडती. मग चुलीपुढं जायालाच भेती. सैपाक सुटला तर तिच्यापाशी काय राहतंय, सांगा बरं. म्हणून म्हणलं, कंपनी."

"पण काका, गॅस..."

"मी हाय की दारापाशी बसलेला. जळू लागलं की मला आधी कळतंय. ती वळली की बंद करतो. आज तुमच्या मोर्चापायी खिडकीत उभा होतो, तेवढ्यात झालं."

ते खाली आले. रेड्डीगारूंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी फॅक्टरीच्या दिशेला एकदा बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस एक तर बायकोचं गुपित फोडणार, नाहीतर कंपनीचं नाव घालवणार. त्यांनी तिसरंच केलं.

"जाऊ नका बा," ते म्हणाले. "माझी चूक झाली. मला वासच कळंना गेलाय. वय झालं. मी उगं अंदाजानं सांगत होतो."

मग कुणीतरी हसलं. रेड्डीगारू चिडून म्हणाले, "अंकल, पहले बोलना था ना." शर्माजी मुद्दाम जवळ जाऊन, "बोलो, मेरा धंदा क्या?" असं विचारून आले. काका मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "नक्को, आता जमत नाही."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं.

तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी नवीन आलं की काका खाली चपलांकडे बघत उभे राहतात. माणूस उतरून गेला आणि आम्ही दोघंच उरलो, की ते कानाशी पुटपुटतात, "बिस्किटाची भट्टी." मी मान डोलावते. हे शहर कुणाच्या जिवावर चालतं, हा वाद आम्ही सोडून दिलाय. आमच्या मजल्यावर मात्र समोरचं घर कशाच्या जिवावर चाललंय, ते मला कळतं.

परवा आम्ही असेच वर येत होतो. तांदूळ निर्यात करणाऱ्या कुणाबद्दल तरी ते रंगून सांगत होते आणि दुसऱ्या मजल्याशी एकदम गप्प झाले. मला काहीच वास आला नव्हता. आमच्या मजल्यावर दार पुरतं उघडायच्या आत ते तिरके होऊन बाहेर पडले आणि या वयात, चपला हातात घेऊन, अनवाणी धावत सुटले. चपलांचा आवाज काकूंना कळू नये म्हणून.