बेटावर जाणाऱ्यांसाठी केरबातात्या

भोरहून समुद्र गाठायचा तर वरंधा घाट उतरून पार कोकणात जावं लागतं. तरीही आमच्या आळीत रोज सकाळी भरतीची वेळ जाहीर व्हायची. शेजारच्या खोलीचं दार उघडायचं, केरबातात्या उंबऱ्यात उभे राहायचे, बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आज जेवणाच्या वक्ताला भरती हाय. पोरं संबाळा!"

नळावरच्या बायका हसायच्या. "तात्या, भरती नळाला आली तर तेवढं आधी सांगा," असं कोणीतरी म्हणायचं. तात्या मात्र हसायचे नाहीत. दार ओढून घेऊन रंधा मारायला बसायचे.

तात्या मूळचे हिर्डोशीकडचे सुतार. तरुणपणी सरकारी बांधकामावर अंदमानला गेले, तिथं बरीच वर्षं काढली, आणि परत आले ते गावी न जाता भोरातच खोली घेऊन राहिले. कामात कसबी माणूस, पण पाळणा करून घ्यायला आलेल्यालाही आधी बेटाचा प्रवास समजावून घ्यावा लागे. एसटी स्टँडवर तर त्यांची नजर फक्त लेकुरवाळ्यांवर असायची. नसरापूरच्या बाजाराला निघालेल्या एका बाईला त्यांनी माझ्यादेखत थांबवलं.

"पोरीच्या झग्याला लाल चिंधी बांधा. लांबनं दिसाया पायजे."

"अवो, मी नसरापूरला चाललीया."

"असू द्या. सवय ऱ्हाती."

ती बाई गाडी सुटेपर्यंत खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मला आठवतं, गाडी वळणावर गेली तेव्हा तिनं डोक्यावरच्या लाल फडक्याची कड फाडायला घेतली होती. तात्यांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं. ऐकताना हसू यायचं, आणि मग आपलं मूल कुठं आहे ते बघावंसं वाटायचं.

अडुसष्ट-एकोणसत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा भोरला शाळेत शिकवत होते, यजमान कचेरीत कारकून होते. माझा भाऊ पोर्ट ब्लेअरला ओव्हरसियर होता. दिवाळीच्या सुटीला सगळे या, असं त्याचं बोलावणं आलं. सासूबाई आजवर जेजुरीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, त्यासुद्धा "मी येणार" म्हणून बसल्या. आमची कुंदा नऊ वर्षांची. ती तर त्याच दिवशी गाठोडं बांधून मोकळी झाली.

बातमी कळल्याबरोबर तात्या आले. कधी नव्हे ती टोपी सारखी केलेली. ओसरीवर मांडी घालून बसले आणि सुरुवात केली.

"बोटीवर पयल्या दिशी आंबट-तिखट न्हाई. कोरडी भाकरी खायाची. नजर लांब ठिवायची, पायाकडं बघितलं की पोट ढवळतं. संगं दोन लिंबं..." इथं ते थांबले. मान जरा डावीकडे कलली, जणू कोणी कानाशी बोलत होतं. "व्हय व्हय, सांगतो की! ती म्हणती दोनानं काय हुतंय, चार घ्या."

"कोण म्हणती?" सासूबाईंनी विचारलं.

"आमची मंडळी."

तात्यांच्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी राहत नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी यजमानांकडे. यजमान चहात बघत होते.

तात्यांचं चालूच होतं. "नारळाखाली हातरूण टाकायचं न्हाई. नारळ पडताना सासू बघत न्हाई आन सून बघत न्हाई. अनवाणी पान्यात उतरायचं न्हाई, तितल्या खडकाला पात्याची धार असती. समुद्राला घाई नसती, आपुन बी करायची न्हाई." हे शेवटचं त्यांचं पालुपद होतं. ते म्हणून झालं की विषय संपला असं समजायचं. पण त्या दिवशी ते उठता उठता परत बसले.

"आन एक. सांच्याला किनाऱ्यावरनं निगताना पोरीची पावलं पुसून या."

"ती का?"

"न्हाईतर दुसरं कुनी त्याच पावलांत पाय घालून मागं येतं."

कुंदा पुढे सरकून म्हणाली, "कोण येतं, तात्या?"

"आमच्या सोनाएवढंच असतं," तात्या म्हणाले. "वाईट नसतं. पर आपलं न्हाई ते आपलं न्हाई."

सोना ही त्यांची मुलगी. "सोना तितं अशी करायची, सोना तितं तशी करायची," हे आम्ही नेहमी ऐकत आलो होतो. ती आता कुठं आहे हे मात्र त्यांना विचारायचं धाडस आळीत कोणी केलं नव्हतं.

त्यानंतर कुंदा रोज शाळा सुटली की तात्यांकडे जायला लागली. समुद्राचे नियम पाढ्यांसारखे पाठ करायची. एकदा तिला आणायला गेले तेव्हा त्यांची खोली मी पहिल्यांदा नीट बघितली. भिंतीशी तीन पाट मांडलेले. दोन मोठे, एक लहान. कपडे टांगायच्या खुंट्या तीन, त्यातली एक माझ्या कमरेच्याही खाली. सगळं घासून गुळगुळीत, धुळीचा कण नाही. कुंदा त्या लहान पाटावर टेकणार तोच तात्या हळूच म्हणाले, "त्यावर नगं गं. बसलीया ती."

कुंदा निमूटपणे जमिनीवर बसली आणि पाटाकडे बघून थोडी सरकली, जागा केल्यासारखी. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.

"तो माणूस एकटा राहत नाही," सासूबाईंनी घरी निकाल दिला. "पोरीला तिकडं पाठवू नकोस. आणि मला तर वाटतं, हे जाणंच नको."

पण तिकिटं आली होती. आम्ही निघालो. चार लिंबं सासूबाईंनीच घेतली. बोटीवर त्या दिवसभर लिंबू नाकाशी धरून क्षितिजाकडे बघत बसल्या आणि आमच्यात त्या एकट्याच आजारी पडल्या नाहीत. यजमानांनी पहिल्याच दिवशी लोणचं खाल्लं. त्यांचं वर्णन नको.

पोर्ट ब्लेअरला भावाच्या बंगलीवर एक म्हातारा चौकीदार होता. आम्ही भोरचे म्हटल्यावर तो म्हणाला, तुमच्याकडचा एक मिस्त्री इथं होता, केरबा नावाचा. आम्ही आनंदानं म्हणालो, अहो ते आमचे शेजारीच! त्यांची बायको आणि मुलगी इथं कुठं राहायच्या?

चौकीदार आमच्याकडे बघतच राहिला. मिस्त्रीची बायको-मुलगी इथं कधी आल्याच नाहीत, असं त्यानं सांगितलं. मिस्त्री एकदा रजेवर गावी जाऊन त्यांना सगळं शिकवून आला होता, बोटीत कसं बसायचं, पाण्यात कसं उतरायचं. परत येऊन त्यानं फळ्यांचं घर उभं केलं, मुलीच्या उंचीच्या खुंट्या ठोकल्या. भातं निघाली की दोघी येणार होत्या. त्याच पावसाळ्यात हिर्डोशीला ताप आला आणि दोघी आठवड्याच्या अंतरानं गेल्या. घाटातली वाट बंद, निरोप पोचायला महिने लागले. तोवर मिस्त्री प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन उभा राहत होता. आणि निरोप आल्यानंतरही जातच राहिला.

"फिर?" भावानं विचारलं.

मग मिस्त्रीनं मुलीसाठी केलेल्या लाकडी खडावा घेतल्या, चौकीदार म्हणाला. रोज संध्याकाळी तो किनाऱ्यावर चालायचा आणि आपल्या प्रत्येक पावलाशेजारी वाकून त्या खडावांचा ठसा वाळूत उमटवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटे, बापलेक फिरून गेलेत. लोक घाबरून त्या बाजूला जाईनासे झाले.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. यजमान म्हणाले, "म्हणजे सगळं मनातलंच. कुंदे, ते नियमबियम विसर आता. सुटीला आलोय, मजा कर."

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या एका किनाऱ्यावर डबा घेऊन गेलो. ओहोटी लागलेली. पाणी इतकं मागं गेलं होतं की खडकांची एक वाटच उघडी पडली होती. जेवणं झाली, यजमान झाडाखाली आडवे झाले, आम्ही भावाशी गावाकडचं बोलत बसलो. कुंदा शंख वेचत होती. वर बघितलं तेव्हा ती वाट नव्हती. जिथं खडक होते तिथं पाणी होतं, आवाज न करता वर आलेलं.

"कुंदा!" मी ओरडले. ते ओरडणं माझं मलाच ओळखू आलं नाही. आमच्यात कोणालाच पोहता येत नव्हतं. यजमान तसेच पाण्यात धावले आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात खडकाची धार पायाला लागून पडले. मग खूप आत मला लाल ठिपका दिसला. निघताना सासूबाईंनी तिच्या झग्याला चिंधी बांधली होती, कोणाला न सांगता. ती एका उंच खडकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओरडत नव्हती, हलत नव्हती. चारी बाजूंनी पाणी.

भाऊ धावत जाऊन एका कोळ्याला त्याच्या लहानशा होडीसकट घेऊन आला. तिला आणेपर्यंत मी काय करत होते ते मला आठवत नाही. तिला कुशीत घेतलं तेव्हा ती थंडगार होती, पण रडत नव्हती.

"काळा खडक समुद्राचा, पांढरा आपला," ती म्हणाली. "पक्षी बसतात तो पांढरा. तिथं पाणी येत नाही. तात्यांनी शिकवलंय."

"शहाणी गं माझी बाय," सासूबाई तिचे पाय चोळत होत्या.

"पण मी पळणार होते, आजी. पाण्यातनंच येणार होते. तर मागून कुणीतरी म्हणालं, 'हितं बस.'"

सासूबाईंचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

"दिसलं नाही. मुलीचा आवाज होता."

त्या संध्याकाळी किनारा सोडताना कोणी कोणाला सांगितलं नाही, पण यजमान खाली वाकून तळहातानं कुंदाची पावलं पुसत होते. सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "यायचं असेल तर येऊ दे."

भोरला पोचल्यावर, सामान उतरायच्या आधीच कुंदा तात्यांकडे पळाली. मी मागोमाग गेले. चौकीदाराकडून काय कळलं ते बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. खडकाचं मात्र कुंदानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आवाजासकट. तात्यांचा रंधा फळीवर तसाच थांबला होता.

"आवाज भ्यालेला हुता का गं?" त्यांनी विचारलं.

कुंदानं विचार केला. "नाही. रागावलेला होता. मास्तरीणबाईसारखा."

तात्या हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. हसता हसता त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो तिथंच राहिला.

"मंग तीच," ते म्हणाले. "समदं ध्यानात हाय तिच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून आमच्या दारात आले. हातात पिशवी होती. हिर्डोशीला निघालो म्हणाले. परत आल्यापासून ते एकदाही तिकडे गेले नव्हते, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं.

"काही काम निघालं का, तात्या?" मी विचारलं.

"सोनाच्या आईला सांगून येतो, पोरगी नीट हाय म्हनून," ते म्हणाले. "लई काळजी करती ती."

सासूबाई आत गेल्या आणि फडक्यात भाकरी बांधून घेऊन आल्या. गाठोडं त्यांच्या हातात देताना म्हणाल्या, "तिघांना पुरतील एवढ्या आहेत."